उजवीकडचा माणूस

फोटोतला कान आपलाच आहे हे त्याच्या ध्यानात आलं, तोवर त्याचं एक वाक्य बोलूनही झालं होतं. ‘या छायाचित्रात एक वेगळा प्रयत्न दिसतो.’ हे वाक्य तो प्रत्येक बैठकीत इतक्यांदा म्हणायचा की त्यासाठी समोरच्या फोटोकडे बघायचीही गरज पडत नसे. ‘वेगळा प्रयत्न’ म्हणजे केरात टाकायच्या लायकीचा. ‘चिकाटी जाणवते’ म्हणजे एवढा वेळ उन्हात उभं राहून शेवटी काय काढलंत, तर हे. ‘रंग बोलके आहेत’ म्हणजे कानठळ्या बसल्या. अशी एक भाषाच त्याने तयार केली होती, आणि समोरची मंडळी ती वहीत उतरवून घेतात, घरी जाऊन बायको-नवऱ्याला वाचून दाखवतात, याची त्याला मनातल्या मनात मोठी गंमत वाटे. पण आत्ता तो फळीकडे वाकला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. कानाच्या वरच्या कडेला एक खाच होती. लहानपणी दाराच्या कडीत अडकून पडलेली ती खाच तो रोज दाढी करताना आरशात बघत होता. कानाखाली मान होती, मानेखाली बनियन, आणि बनियनच्या आत एक ढिली, रुंद, कुणालाही दाद न देणारी पाठ.

खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे खुर्च्या मांडायच्या, भिंतीशी एक तिरकी फळी उभी करायची, तिच्यावर दिवा सोडायचा आणि एकेक फोटो फळीवर लावायचा, असा या मंडळाचा रिवाज. फोटो बंद पाकिटातून यायचे. मागे फक्त आकडा. कोणता आकडा कुणाचा हे एकट्या सेक्रेटरीला ठाऊक, आणि ज्याचा फोटो असेल त्याने चर्चा संपेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. नंतरसुद्धा वाटलं तरच सांगायचं. सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता. त्याने एक नियमावली छापून भिंतीवर चिकटवली होती: आधी दोन चांगल्या गोष्टी सांगा, मग एकच सूचना करा, ‘हे चुकलं’ म्हणू नका, ‘असं केलं तर?’ म्हणा. दात उपटण्याआधी इंजेक्शन देणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळं काय सुचणार! त्या डॉक्टरचे स्वतःचे फोटो म्हणजे नुसते सूर्यास्त. जगात सूर्य उगवतोही, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. बाकीचेही एकापेक्षा एक. बँकेतला अधिकारी बायकोच्या हातात फूल देऊन तिला झाडाखाली उभी करायचा. बिचारीच्या चेहऱ्यावर दर महिन्याला तोच भाव, गॅस बंद केला होता का? निवृत्त इंजिनिअर मुंग्यांच्या मागे लागला होता. एक नवरा-बायको पानावरच्या थेंबांपलीकडे काही बघायलाच तयार नव्हते. आणि हे सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचे, तेही त्याला ठाऊक होतं. वर्तमानपत्रात पानं लावण्याच्या नोकरीत त्याने जन्मभर दुसऱ्यांचे फोटो कापले होते, आणि तिथले काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे तो अजून खांद्याच्या शबनम पिशवीत घेऊन येत असे. ते फोटोवर ठेवायचे, सरकवायचे, नको तेवढं झाकायचं. ‘हे बघा, एवढाच तुमचा फोटो. बाकीची गर्दी.’ नावाचा त्याला राग नव्हता. कात्रीला धार असते. या लोकांना तीही नव्हती.

तर आता त्या फळीवर त्याची पाठ होती आणि खोली त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. कुणी ओळखलेलं दिसत नव्हतं. कसे ओळखणार? त्याला त्यांनी पाहिलं ते इस्त्रीच्या सदऱ्यात, समोरून, आणि थोडं खालून. त्याने घाईघाईने घशात नसलेला खाकरा काढला आणि फोटो नीट बघितला, म्हणजे कितीतरी वर्षांनी एखादा फोटो बघितला. सकाळचं जेवणाचं टेबल. डावीकडे खिडकी. तिच्यातून आलेला उजेड टेबलावरच्या रबरी कापडावरून सरकत, पावाच्या चुऱ्यावरून उड्या मारत पुढे आला होता, एका कपावर चढला होता आणि उजवीकडच्या पाठीच्या सावलीत येऊन थांबला होता. पाठीपलीकडे दोन हात फाकवून धरलेलं वर्तमानपत्र. समोर एक खुर्ची, जरा मागे सरकवलेली, रिकामी. खुर्चीपुढचा तो कप, आणि चहा गार होऊ नये म्हणून त्यावर उपडी ठेवलेली बशी. बस्, एवढंच. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. फोटो चांगला होता. फोटो इतका चांगला होता की पुठ्ठे काढायचं त्याला सुचलंच नाही. त्या रिकाम्या खुर्चीत कोण बसतं हे घरात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं दुसरं माणूस आत्ता शेवटच्या रांगेत भिंतीशी बसलं होतं.

ताई दर बैठकीला यायची. त्याच्याबरोबर यायची, मागे बसायची, विणकाम काढायची आणि परतताना भाजी घेऊन दोघं घरी जायचे. मंडळाच्या लेखी ती सरांची बहीण, चहाच्या वेळी कप धुवायला मदत करणारी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तिने आधी आईच्या आजारपणात, मग त्याच्या सुरुवातीच्या नोकऱ्यांच्या धरसोडीत दिवस घालवले, आणि त्याला बायकांमध्ये कधी एवढी एक गोष्ट बरोबर सापडली नाही की बाकीच्या चुका पोटात घालाव्यात. आज तिच्या मांडीवर विणकाम नव्हतं. पिशवी बंद होती, हात पिशवीवर, आणि ती चष्म्यातून सरळ त्याच्याकडे बघत होती. मागे कधीतरी त्याचा कपाटातला जुना कॅमेरा तिने मागितला होता. घे, खेळ, फक्त पाडू नकोस, असं तो म्हणाला होता, आणि पुढे तिने त्याचं काय केलं हे विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं. म्हणजे एका सकाळी ती समोरून उठली, कपावर बशी ठेवली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, फोटो काढला, परत येऊन बसली आणि चहा प्यायली. आणि हा पठ्ठ्या पेपर वाचत होता. त्याला आठवेना ती कोणती सकाळ. सगळ्याच सकाळी तशा होत्या.

आणि आठवड्यापूर्वीची गोष्ट मात्र आठवली, नको तेव्हा. ताईची एक मैत्रीण होती, एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिने दूरच्या एका लहान गावात घर घेतलं होतं आणि ताईला म्हणत होती, चल, दोघी राहू. ताईने हे त्याला भांडी पुसता पुसता सांगितलं. तो हसला होता. ‘तू आणि ती? दोन दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटाल. ती तुला घंटा वाजवून उठवेल.’ ताईही हसली होती. मग म्हणाली, मी तिला रविवारी संध्याकाळी कळवते म्हटलंय. तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं आणि पुन्हा विषयही काढला नाही. रविवार काय, कितीही येतात. आता रविवार होता. बाहेर दुपार कलायला लागली होती, आणि त्याला स्वच्छ कळलं की फळीवर लावलंय ते तिने घरात कधीच न विचारलेलं आहे. मी समोर बसते ते तुला दिसतं का, एवढंच. तोंडावर विचारलं असतं तर त्याने चेष्टा केली असती. म्हणून तिने आकडा घालून पाकिटातून विचारलं होतं, तो जिथे खरं बोलतो असं लोक समजतात त्या खोलीत.

तिला उजेड कळतो हे त्याला एका परीने माहीत असायला हवं होतं. पहिला कॅमेरा तिच्याच पगारातून आला आणि त्यावर त्याने हात बसवला तो तिच्यावरच. ताई, खिडकीपाशी बस. ताई, हलू नकोस. ताई, मान जरा खाली, अजून, हां, श्वास घेऊ नकोस. वर्षानुवर्षं तो तिला असा इकडून तिकडे बसवत होता. तिचे हात काढले, खांदा काढला, केसांवर पडलेला उजेड काढला, भिंतीवरची तिची सावली काढली. चेहरा? चेहरा असा कधी काढला नाही; तेव्हा त्याला चेहऱ्यांत रस नव्हता, उजेडात होता. ते फोटो कुठे छापून आले नाहीत. आले नाहीत ते बरंच, कारण ते कसे आहेत हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं: स्वच्छ, बरोबर आणि मेलेले. डोळा होता, हात नव्हता. डोळा असून हात नसणाऱ्याने काय करायचं, तर उंटावर बसायचं आणि शेळ्या हाकायच्या. कॅमेरा कपाटात गेला, पुठ्ठे बाहेर आले, आणि त्या दिवसापासून जगातला प्रत्येक फोटो त्याला थोडा कमी पडायला लागला. हे कमी पडणं त्याला आवडायचं, आधार वाटायचा. रस्त्याने जातानासुद्धा तो माणसं कापत चालायचा: हिचं डोकं राहू दे, पिशवी नको; याला अर्ध्यात तोडा. आणि इतकी वर्षं खिडकीशी श्वास रोखून बसलेली ती बाई, साठी उलटल्यावर, त्याच्याच टाकून दिलेल्या कॅमेऱ्याने, त्याच्याच पाठीमागे उभी राहून हे काढून बसली होती. त्याला अभिमान वाटायला हवा होता. त्याला राग आला. खोटं कशाला बोला, त्याला भीती वाटली.

“सर?” डॉक्टर म्हणाला. “दोन चांगल्या गोष्टी?”

दोन चांगल्या गोष्टी त्याने सांगितल्या. उजेड डावीकडून घेतलाय, ते ठीक. कपावरची बशी, बरी नजर आहे. बोलताना त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज नेहमीसारखाच येतोय, तोच तुसडा, तोच नाकाने कांदे सोलणारा, आणि त्या आवाजाला थांबवायचं कसं हे त्याला कळेना. चांगला आहे म्हणायचं तर का चांगला आहे तेही सांगावं लागणार. म्हणजे त्या पाठीबद्दल बोलावं लागणार, की मंडळी, ही पाठ बघा, हिच्यासमोर एक माणूस रोज बसतं आणि हिला पत्ता नाही. स्वतःच्या तोंडाने! या थेंबवाल्यांसमोर, मुंग्यांसमोर! त्याचा हात शबनममध्ये गेला आणि पुठ्ठे बाहेर आले. त्याने एक डावीकडे ठेवला, दुसरा उजवीकडून सरकवत आणला. कान झाकला गेला. मान गेली. बनियन, पेपर, सगळं काळ्याखाली गेलं.

“माझी एकच सूचना,” तो म्हणाला. “उजवीकडचा माणूस काढून टाका. त्याची काही गरज नाही. नुसता जागा अडवून बसलाय.”

खोलीत पेनं चालायला लागली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. रुग्णालयात नर्स असलेली ती मुलगी मंडळात नवी होती, आणि तिचे फोटो इतके हललेले असायचे की ती रुग्णाला धावत धावत सुई टोचत असावी असा त्याचा अंदाज होता. ती चाचरत म्हणाली की तो माणूस आहे म्हणूनच तर खुर्ची रिकामी वाटतेय, नाही का. तो समोर असूनही कुणी नसल्यासारखं. तो काढला तर मग उरलं काय? तिचं म्हणणं बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आणि कुणीतरी दार किलकिलं करून धरावं तसं ते त्याच्यासाठी उघडं होतं. नुसतं म्हणायचं, हो, खरं आहे तुझं, मी चुकलो. शेवटच्या रांगेत ताईने मान जराशी पुढे केली होती. त्याने त्या मुलीकडे वळून म्हटलं की गोष्टी रचायची हौस असेल तर कादंबरी लिहावी, इथे फोटो बघतात. पाठमोरा माणूस दिसला की लोकांना लगेच एकटेपणा दिसायला लागतो, तो फुकटचा असतो, त्याला काही अक्कल लागत नाही. चार जण हसले. मुलगी लाल झाली आणि वहीत बघू लागली. डॉक्टरने, ज्यांचा फोटो असेल त्यांना काही बोलायचंय का, असं विचारलं आणि सवयीप्रमाणे दहा श्वास थांबला. मागे ताईने चष्मा काढून डबीत ठेवला. डबी बंद झाल्याचा आवाज त्याला पार पुढे ऐकू आला.

परतताना नेहमीप्रमाणे भाजीच्या दुकानापाशी थांबले. नेहमीप्रमाणे तो एकेकाचा उद्धार करत चालला होता; ही त्यांची ठरलेली करमणूक होती. घरी पोचेपर्यंत तो सगळ्या मंडळाची पिसं काढायचा आणि ताई, पुरे रे, पाप लागेल, म्हणत हसायची. आज डॉक्टरच्या सूर्यास्ताला ती हसली, मुंग्यांनाही हसली. नुसती हसली नाही, नेहमीइतकीच हसली, आणि याने तो जास्त घाबरला. त्या एका फोटोचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही काढलं नाही. रस्ता ओलांडताना तिने त्याचा दंड धरला, लहानपणापासून धरायची तसा, आणि पलीकडे गेल्यावर सोडला. एकदा, बेकरीच्या कोपऱ्यावर, तो ‘ताई’ म्हणाला. ती थांबली. त्याला म्हणायचं होतं ते जिभेच्या टोकावर होतं, पण त्याने विचारलं की दूध घ्यायचंय का. ती म्हणाली, आहे घरात.

घरी आल्यावर तिने भाजी आत ठेवली, हात धुतले आणि टेबलावरचा पसारा एका बाजूला केला. खिडकीत अजून उजेड होता. मग पिशवीतून तिने एक पाकीट काढलं, पाकिटातून फोटो, आणि त्याच्या खणातून लोखंडी पट्टी आणि कागद कापायचं पातं. जुनं वर्तमानपत्र खाली पसरलं. तो दारात उभा होता.

“काय करतेस?”

“तू सांगितलंस ते.”

आता तरी. आता तरी बोल रे बाबा, असं कुणीही त्याला म्हटलं असतं. पण माणूस एकदा मूग गिळून बसला की ते पोटात रुजतात. “तुझा होता?” तो म्हणाला. “सांगायचं नाहीस का? मला काय माहीत!”

ताईने पट्टी फोटोवर ठेवता ठेवता मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, म्हणजे तो उजेडासाठी तिच्याकडे बघायचा तसं नाही. सरळ, वेळ घेऊन. तिला खोटं कळलं हे त्याला कळलं. ती रागावली नाही. रागावली असती तर दोन शब्द ऐकवले असते, याने दोन ऐकवले असते, आणि सगळं परत मार्गी लागलं असतं.

“मला वाटलं होतं ओळखशील,” ती म्हणाली. “असू दे.”

आणि तिने कापायला घेतलं. हात अजिबात हलला नाही. त्याने दुपारी पुठ्ठा ठेवला होता त्याच रेषेवरून पातं एकदा हलकं, एकदा दाबून फिरवलं. पाठ सुटी झाली. ती तिने वर्तमानपत्रावरच राहू दिली आणि उरलेला फोटो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, दोन पावलं मागे सरकली, डोकं तिरकं केलं.

“आता सांग,” ती म्हणाली. “आता कसा वाटतो?”

तो पुढे आला. फोटोत काहीतरी खोट सापडावी म्हणून त्याने तो आयुष्यात बघितला नव्हता इतका कसून बघितला. ती नर्स चुकली होती, किंवा दुपारी बरोबर होती आणि आता चूक ठरली होती. पाठ होती तेव्हा खुर्ची ताटकळलेली वाटत होती. पाठ गेली आणि खुर्ची कुणाची वाट बघेनाशी झाली. तिच्यावर बसणारी बाई सहज उठून कुठेतरी गेली होती, हौसेने, बहुतेक बाहेर, मोकळ्या हवेत, आणि परत आली तर चहा तयार होता, नाही आली तरी काही बिघडत नव्हतं. उजेड आता कशालाही न अडता टेबलाच्या कडेपर्यंत जात होता. भेकडपणाने, चार लोकांत अब्रू राखायला म्हणून तो काहीतरी बोलून गेला होता, आणि ती सूचना त्याने आजवर केलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा अचूक निघाली होती. त्याने तोंड उघडलं आणि त्याची ती ठेवणीतली भाषा एकदम कुठे गेली कुणास ठाऊक.

“चांगला आहे,” तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पटकन बघितलं. असं तो कधी म्हणत नसे. तिला तर कधीच म्हणाला नव्हता, ना स्वयंपाकाला, ना नोकरीतल्या बढतीला, ना आईचं इतकी वर्षं केलं त्याला. “खरंच?”

“खरंच. काही म्हणजे काही बदलू नकोस.”

तिचा चेहरा उजळला. खिडकीच्या उजेडाने नव्हे, आतून, आणि तो चेहरा बघून आपण हा आजवर पाहिलाच नव्हता असं त्याला वाटलं. तिने पदराला हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. तो टेबलापाशी उभा राहिला. फोन उचलल्याचं, आकडे दाबल्याचं, मग पलीकडून कुणी उचलण्याची वाट बघतानाचं ते शांत उभं राहणं, सगळं त्याला भिंतीआडून ऐकू येत होतं.

“हो, मीच,” ताई म्हणत होती. “ठरलं माझं. मोठी खोली तू घे. मला खिडकीची दे.”